गुणगुणण्याची भीती

मी बरी झाले, असं लिहून सुरुवात करता आली असती तर मला आवडलं असतं. पण ते खरं होणार नाही. माझ्या गोळ्या चालू आहेत आणि बहुधा चालूच राहतील. अधूनमधून रक्त तपासावं लागतं, झोपेची वेळ सांभाळावी लागते, आणि फार आनंद झाला की आधी थांबून स्वतःकडे बघावं लागतं. याचा कंटाळा येतो. आजाराबद्दल सांगताना लोक भीतीचं सांगतात, रडण्याचं सांगतात, या कंटाळ्याचं कुणी सांगत नाही, म्हणून मी आधी तोच सांगितला. ज्यांच्या घरात हे दुखणं नुकतंच शिरलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

मी सोलापूरची. एका ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे. आमचे मिस्टर, संजय, चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. ते मूळचे मोहोळ तालुक्यातल्या शेतकरी घरातले. आम्हाला एकच मुलगी, अनुजा. हे सगळं सुरू झालं तेव्हा तिची दहावी संपून ती अकरावीत जात होती.

मी गाणारी बाई होते. शिकले वगैरे नाही. पण आमच्या गल्लीत बारसं असो की डोहाळजेवण, पाळणा म्हणायला वैशालीलाच बोलवायचं हे ठरलेलं. घरात तर मी सतत गुणगुणायचे. भाजी निवडताना, केर काढताना, अनुजाची वेणी घालताना. घरात कुणाचं त्याकडे लक्षही नसायचं, पंखा चालू असतो तसं ते चालू असायचं.

नवी पेठ

त्या जूनमध्ये कॉलेजात ॲडमिशनची गर्दी होती. माझी झोप कमी झाली होती, पण थकवा म्हणून नव्हता. उलट मी झपाट्याने काम उरकत होते. प्राचार्यांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मला वाटायचं, इतकी वर्षं आपण अर्धवट जागे होतो, आता कुठे पूर्ण जाग आली. काउंटरवर बसून मी पालकांचे अर्ज तपासायचे आणि तपासता तपासता गायचे. पालक हसायचे. घरी जेवताना घास तोंडात असला तरी गाणं चालूच. संजय एकदा म्हणाले, आधी जेव की. पण तेही हसूनच म्हणाले.

मग एका दुपारी साडीचा फॉल आणि ब्लाऊजचं अस्तर आणायला मी नवी पेठेत गेले. दुकानात गर्दी होती. दुकानदार अस्तराचा रंग जुळवत होता आणि मी गायला लागले. हळू नव्हे, मोठ्याने. लोक वळून बघायला लागले तसा माझा आवाज वाढला. मला आठवतं ते असं, की सगळं दुकान उजळून निघालं होतं आणि प्रत्येक माणूस फक्त मला ऐकायला तिथे आला होता. मी चपला काढून दुकानाच्या पांढऱ्या गादीवर चढले आणि उभी राहून गायला लागले. रस्त्यावरची माणसं थांबली, रिक्षा थांबल्या, मोबाईल वर झाले. दुकानदार भला माणूस होता. त्याने आधी मला पाणी दिलं, मग शटर अर्धं खाली ओढलं, आणि माझ्याच फोनवरून संजयना बोलावून घेतलं. ते कारखान्याच्या कपड्यांतच मोटारसायकलवरून आले. मी खाली उतरायला तयार नव्हते. त्यांनी मला हात धरून उतरवलं तेव्हा मी त्यांना चावले, असं मला नंतर कळलं. ते मला आठवत नाही. त्यांच्या मनगटावरची खूण मात्र मी पाहिलेली आहे.

त्या प्रसंगाचा व्हिडिओ आम्ही घरी पोचायच्या आत शहरभर फिरायला लागला होता. संध्याकाळी तो अनुजाच्या क्लासच्या ग्रुपवर आला. टाकणाऱ्या मुलीला ती अनुजाची आई आहे हे माहीत नव्हतं. दुसऱ्या एकीला माहीत होतं, आणि तिने तसं खाली लिहिलं.

आजाराला नाव मिळालं तो दिवस

दुसऱ्या दिवशी संजय आणि कुर्डुवाडीहून आलेला माझा भाऊ मला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. भावाच्या मनात आधी गावाकडे कुणाला तरी दाखवावं असं होतं. संजयनी ते ऐकलं नाही. त्यासाठी मी त्यांची आजही ऋणी आहे, कारण त्या दिवशी त्यांनाही आजाराबद्दल काहीच माहीत नव्हतं. त्यांना फक्त एवढंच कळत होतं की माणूस आजारी आहे, तर डॉक्टरकडे न्यायचं.

डॉक्टरांनी मला बरंच काही विचारलं. मी बहुतेक उत्तरं चालीत म्हटली. मग त्यांनी संजयना विचारलं, हे असं कधीपासून चाललंय?

संजय खाली बघत म्हणाले, "गाती ती आधीपासनंच. मला वाटलं, खुशीत हाय."

हे वाक्य मी त्या अवस्थेतही ऐकलं आणि ते माझ्या डोक्यात तसंच राहिलं. पुढे कितीतरी महिने आमच्या घराचा प्रश्न नेमका हाच होता. ही खुशीत आहे की आजारी आहे, हे ओळखायचं कसं?

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर. मन एका टोकाला फार वर चढतं, दुसऱ्या टोकाला फार खाली उतरतं, असं काहीसं समजावलं. संजयनी विचारलं, किती दिवसांत बरं होईल? डॉक्टर म्हणाले, साखरेचा त्रास असणारा माणूस जसा सांभाळून राहतो आणि नीट जगतो, तसं हे आहे. संजयच्या आईला साखरेचा त्रास होता, त्यामुळे त्यांना उत्तर कळलं होतं. मी मात्र हसत होते. मला त्या खोलीत सगळ्यात जास्त कीव डॉक्टरांची येत होती, की एवढा शिकलेला माणूस आणि याला आनंद ओळखता येत नाही.

मला दाखल करून घेतलं.

वॉर्ड

बांगड्या काढल्या, ओढणी काढून घेतली, केसांतल्या पिनासुद्धा. सकाळी चहा, मग गोळ्या. गोळी गिळली की सिस्टर जीभ वर करायला लावून बघायच्या. मग आंघोळ, नाश्ता, आणि त्यानंतर नुसता वेळ. जेवण, गोळ्या, झोप, पुन्हा चहा. मी पहिले काही दिवस गातच होते. सिस्टर रागावल्या नाहीत, त्यांना सवय होती. मला गप्प केलं ते शेजारच्या खाटेवरच्या बाईने.

तिचं नाव पद्मा. विणकरांच्या तेलुगू घरातली, माझ्यापेक्षा थोडी लहान. नवरा यंत्रमागावर, ही घरी विड्या वळायची. वॉर्डात ना तेंदूची पानं ना तंबाखू, तरी तिची बोटं मांडीवर चालूच असायची. तिला कानात आवाज ऐकू यायचे, समोर कुणी नसताना. एका सकाळी ती उठून माझ्या खाटेपाशी आली, हात जोडले आणि म्हणाली, "अक्का, जरा गप बसता का? आधीच माझ्या कानात लई जण बोलायलेत."

तिने ते इतक्या नम्रपणे म्हटलं की मी खरंच गप्प झाले. पलीकडची एक म्हातारी खुदकन हसली, मग पद्मा स्वतःच हसली. त्या वॉर्डातलं ते पहिलं हसू मला आठवतं. आमची ओळख अशी झाली.

गोळ्यांनी काम केलं तसा माझ्यातला उजेड गेला. एका दुपारी मी जागी झाले आणि सगळं एकदम लख्ख कळलं. दुकान, गादी, मोबाईल, अनुजा. मी उशीत तोंड खुपसून रडत होते. पद्मा माझ्या पायाशी येऊन बसली. तिची बोटं आता माझ्या पांघरुणाच्या कडेवर विड्या वळत होती.

घरातली शांतता

घरी आले तेव्हा पावसाळा निम्मा संपला होता. वजन वाढलं होतं, तोंड सारखं कोरडं पडायचं, आणि हात थरथरायचे. चहाचा कप बशीत ठेवताना किणकिण व्हायची. डॉक्टर म्हणाले होते, गोळ्यांचा परिणाम आहे, हळूहळू कमी होईल. झाला थोडा कमी. पूर्ण गेला नाही.

मनात काहीच नव्हतं. दुःखसुद्धा नव्हतं. स्वयंपाक करायचे, भांडी घासायचे, गोळी घ्यायचे, झोपायचे. कॉलेजने मला पुन्हा कामावर घेतलं, पण काउंटरवर बसवलं नाही, आतल्या खोलीत जुन्या फाइलींपाशी बसवलं. त्यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. मलाही माणसं नकोच होती.

अनुजाने तो क्लास सोडला होता. दुसरा लांबचा लावला होता, दोन रिक्षा बदलून जावं लागायचं. व्हिडिओबद्दल ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मीही विचारलं नाही. ती माझ्याशी चांगलं वागायची, आणि त्याचाच त्रास व्हायचा. पूर्वी भांडायची, डब्यात भेंडी का दिली म्हणून रुसायची. आता सगळं गपचूप खायची.

एका रविवारी सकाळी मी कणीक मळत होते. खिडकीतून ऊन येत होतं. कशी कोण जाणे, पण माझ्या तोंडून एक चाल निघाली. शब्द नव्हते, नुसती गुणगुण. किती वेळ झाला असेल ते ठाऊक नाही. मी वळून बघितलं तर अनुजा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात पेन तसंच होतं. चेहरा पांढरा पडला होता.

"आई, गोळी घेतलीस ना?"

मी हो म्हटलं. तिने तरी डबी उघडून बघितली. मग संजय आले, त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला, जणू ताप बघायचा होता, आणि झोप झाली का विचारलं. झाली म्हटलं. दोघं थोडा वेळ तिथेच उभे राहिले. मी खाली मान घालून कणीक मळत राहिले.

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी जे पाहिलं होतं ते मी पाहिलेलं नव्हतं. पण त्या दिवसापासून मी तोंड मिटून घेतलं. आजाराने माझ्याकडून पुष्कळ काही नेलं, त्यातलं बरंचसं गोळ्यांनी परत आणलं. गाणं मात्र आम्ही तिघांनी मिळून घराबाहेर काढलं.

शनिवारची खोली

पद्मा मला पुन्हा भेटली ती तपासणीच्या रांगेत. बाकावर माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली की ती दर शनिवारी दुपारी गायला जाते. मला वाटलं आवाज पुन्हा सुरू झाले हिचे. पण ते खरं होतं. दवाखान्यातल्या समाजसेविका मॅडमनी एक मंडळ सुरू केलं होतं. जवळच एका बालवाडीची खोली शनिवारी दुपारी रिकामी असायची, तिथे आजारी माणसं आणि त्यांच्या घरची माणसं जमून गायची. कार्यक्रम करायचा नाही, कुणाला ऐकवायचं नाही. कुणाला काय झालंय ते विचारायचं नाही. आणि आत जाताना मोबाईल दारातल्या टोपलीत टाकायचा. ही शेवटची गोष्ट ऐकून मी विचार करायला लागले.

संजय ऐकताच नाही म्हणाले. "गाण्यानंच तर सगळं झालं, आन् पुन्हा गाण्यालाच पाठवायचं व्हय?" पुढच्या तपासणीला त्यांनी हाच प्रश्न डॉक्टरांना विचारला. डॉक्टर म्हणाले, गाण्याने आजार झाला नाही, आजार गाण्यातून दिसला. संजयना ते पटलं असं मला वाटत नाही. पण पुढच्या शनिवारी त्यांनी मला मोटारसायकलवरून नेलं आणि स्वतः बाहेर गाडीवरच बसून राहिले.

खोली लहान होती. भिंतीवर मुळाक्षरं, कोपऱ्यात रंगीत ठोकळे, खाली सतरंजी. दहा-बारा माणसं असतील. पेटीवर बिराजदार सर होते. अक्कलकोटकडच्या एका खेडेगावात प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या बायकोला फार जुना आजार होता. त्या भिंतीला टेकून बसायच्या, गायच्या नाहीत, पण एकही शनिवार चुकवायच्या नाहीत. सर भजनं म्हणायचे, कानडीतलीही म्हणायचे. पद्मा तिच्या आजीकडून ऐकलेली मागावरची तेलुगू गाणी म्हणायची. कुणी सिनेमातलं जुनं गाणं काढायचं, ज्याला येईल त्याने सुरात सूर मिसळायचा.

माझा आवाजच फुटेना. सरांनी जबरदस्ती केली नाही, माझ्या हातात टाळ दिले. माझे हात थरथरत होते. टाळ एकमेकांवर आपटून नुसती किरकिर व्हायला लागली. मी ओशाळून ते खाली ठेवले. सर पेटी न थांबवता म्हणाले, "वाजू द्या की. आमाला त्रास न्हाई." मी पुन्हा उचलले. कुणी वळून बघितलं नाही. एवढ्या सगळ्या आवाजात माझी किरकिर कुठे गेली ते माझं मलाच कळलं नाही.

तिथे काही चमत्कार घडायचा असं समजू नका. पुष्कळ शनिवार कंटाळवाणे गेले. कधी चारच माणसं असायची. कधी कुणी मध्येच रडायला लागायचं, कुणी उठून निघून जायचं. एक गृहस्थ दर वेळी तेच एक गाणं म्हणायचे, तेही बेसूर. सूर लागला असं क्वचितच व्हायचं. काही जण यायचे थांबले आणि त्यांचे फोन लागेनासे झाले. पण आठवड्यात दोन तास असे मिळायचे की ज्यात मला कुणी निरखत नव्हतं. पद्मा म्हणायची, "सगळे मिळून गायला लागले की आतले बोलणारे जरा ऐकत बसतात." तिचे आवाज गेले नव्हते. तेवढा वेळ त्यांना दुसरं काम मिळायचं.

दिवाळीनंतर कधीतरी मी टाळ खाली ठेवून गायला लागले. हळू, सगळ्यांच्या आवाजाच्या आडून. घरी मात्र अजून गप्पच.

पेटी थांबली

पुढच्या वर्षी पुन्हा जून आला, पुन्हा ॲडमिशन आल्या. माणसं कमी होती म्हणून मला काउंटरवर बसवलं. मला बरं वाटलं. झोप थोडी कमी झाली, पण काम जास्त आहे म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. घरीही तसंच सांगितलं.

त्या शनिवारी माझा आवाज लागला. कितीतरी दिवसांनी मोकळा लागला. मी एक भजन काढलं. लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी वा म्हणालं. मला माझी मीच परत भेटल्यासारखं झालं. मी लय थोडी वाढवली, मग आणखी थोडी. पेटी मागे पडतेय असं वाटलं म्हणून सरांकडे बघून मी हाताने त्यांना पुढे यायची खूण केली. बाकीचे एकेक करून गप्प झाले. मी एकटीच गात होते आणि मला ते छान वाटत होतं.

आणि सरांनी पेटी थांबवली.

"वैशालीताई, तुमी आमाला सोडून फुडं चाललाय."

मी म्हटलं, तुम्हाला गाठता येत नसेल तर मी काय करू? हसतच म्हटलं. सर हसले नाहीत. त्यांनी एकदा भिंतीशी बसलेल्या बायकोकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "झोप किती होतीय तुमची? रागावू नका. आमच्या हिचं असंच सुरू व्हायचं. आधी लय सुटायची."

मी रागावले. पुष्कळ बोलले. तुम्ही शाळामास्तर, तुम्हाला गाण्यातलं काय कळतं, असं काहीबाही बोलले. ज्या एका जागी मला कुणी निरखत नाही असं मी धरून चालले होते, तिथेही हे लोक बघतच होते. मी टोपलीतून फोन उचलला आणि बाहेर पडले. पद्मा अनवाणी माझ्या मागे आली. मला वाटलं समजूत घालायला आली असेल. ती माझ्याशी काही बोललीच नाही, सरळ संजयपाशी गेली आणि म्हणाली, "दादा, आत्ताच डॉक्टरकडं न्या. घरी नगा नेऊ."

तिच्याशी पुन्हा बोलायचं नाही असं मी गाडीवर बसताना ठरवलं.

डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. काही आठवडे रजा टाकायला लावली. मी झोपले, खूप झोपले. या वेळी दाखल व्हावं लागलं नाही. नवी पेठ झाली नाही, व्हिडिओ झाला नाही, कुणाच्या मनगटावर खूण उमटली नाही. आजार दारापर्यंत आला आणि परत गेला. पण उजेड गेला तो गेलाच. पुन्हा तेच कोरडं तोंड, तीच किणकिण. मी इतकी दमले होते की वाचल्याचा आनंदसुद्धा झाला नाही. हे पुन्हा पुन्हा असंच चालणार, एवढं एकच मनात यायचं.

पद्मा घरी आली

मी शनिवारी जाणं बंद केलं. पद्माचे फोन उचलले नाहीत. एका दुपारी ती घरीच आली, शेंगाचटणीचा डबा घेऊन. दार अनुजाने उघडलं. मी आतल्या खोलीत पडून होते, उठले नाही. पद्माला त्याचं काही वाटलं नाही. ती स्वयंपाकघरात बसली आणि अनुजाने तिच्यासाठी चहा ठेवला. मधल्या दाराला नुसता पडदा आहे, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

अनुजाने थोड्या वेळाने तिला विचारलं, "मावशी, तुम्हाला कसं कळलं? आम्हाला घरात कळलं नव्हतं. आई तर घरात गातसुद्धा नाही."

पद्मा म्हणाली, "गायली म्हणून न्हाई कळलं गं. गातेच की ती. पण त्या दिवशी ती कुणाचं ऐकत नव्हती. आमी सगळे गप बसलो तरी तिला कळलं नाही." मग चहाचा एक घोट घेऊन म्हणाली, "ऐकत असली, तर गाऊ द्या की तिला."

मी पडद्याआड पडल्या पडल्या ते वाक्य पुन्हा पुन्हा मनात म्हणत राहिले. इतके दिवस डॉक्टर, संजय, मी, सगळेच त्याच एका प्रश्नाभोवती फिरत होतो. खुशीत आहे की आजारी आहे? आणि ज्या बाईला स्वतःच्या कानातल्या आवाजांतून खरा कोणता आणि खोटा कोणता हे रोज निवडावं लागतं, तिने ते इतकं साधं करून सांगितलं होतं.

मी उठून बाहेर गेले. पद्माने माझ्याकडे बघितलं, पुढ्यातला डबा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, जेवली का? मी तिच्याशेजारी बसले. माफी वगैरे काही झाली नाही. पुढच्या शनिवारी मी पुन्हा गेले. सरांनी माझ्या हातात टाळ दिले. मी घेतले. त्यांच्या बायकोने मला बसायला भिंतीपाशी जागा करून दिली.

आता

त्यानंतर अनुजाने स्वतःहून एक गोष्ट सुरू केली. मला तिने सांगितलं नव्हतं, पण माझ्या लवकरच लक्षात आलं. मी घरात चुकून गुणगुणले की आतून तिची हाक यायची. "आई?" मी थांबून विचारायचे, काय गं? ती म्हणायची, काही नाही. बस एवढंच. मी हाकेला ओ दिली, म्हणजे मी ऐकतेय. मग ती उठून बाहेर यायची नाही, डबी उघडून बघायची नाही. तिची हाक आली की मला आधी थोडं लागायचं. मग सवय झाली. मग मी तिची वाटच बघायला लागले. थोडी गुणगुण, हाक, ओ, आणि पुन्हा थोडी गुणगुण. संजयना हे कळलं तेव्हा तेही अंगणातून मध्येच हाक मारायला लागले, आणि त्यांना खरंच काहीतरी हवं असेल असं समजून मी बाहेर गेले की गोंधळून म्हणायचे, काय न्हाई, जा तू.

माझ्यासारख्या कुणाला आणि त्यांच्या घरच्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे याहून मोठं काही नाही. गोळ्या बंद करू नका. झोप सांभाळा. आणि जवळपास कुठे चार माणसं मिळून गात असतील तर जाऊन बसा, गाता येवो न येवो. बरं होण्यासाठी जा असं मी म्हणत नाही. आपण पुढे पळायला लागलो तर पेटी थांबवणारं कुणीतरी असावं, म्हणून जा. राग येईल. मला आला होता.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. अनुजाची परीक्षा जवळ आलीय, ती तिच्या खोलीत दार लोटून बसली होती. मी संध्याकाळची भाजी फोडणीला टाकत होते. पद्माचं एक तेलुगू गाणं त्या शनिवारी नवीन ऐकलं होतं, शब्द निम्मे कळले नव्हते, पण चाल तोंडात बसली होती. ती मी म्हणायला लागले. एक कडवं झालं. दुसरं झालं. हाक आली नाही. मी गॅस बारीक केला आणि थांबले. हाक आली असेल आणि मलाच ऐकू आली नसेल तर? मीच हाक मारली.

"अनु?"

आतून त्रासलेला आवाज आला, "काय गं आई? हळू गा ना जरा. डोक्यात काही शिरत नाहीये."

किती दिवसांनी ती माझ्यावर अशी वैतागली होती. मी बरं म्हटलं, आणि आवाज थोडा खाली घेऊन तिसरं कडवं म्हणायला लागले.